चार्ल्स गुडइयर

चार्ल्स गुडइयर (जन्म : २९ डिसेंबर १८००, न्यू हेवन, कनेक्टिकट, मृत्यू : १ जुलै १८६०, न्यू यॉर्क) हे रबराच्या व्हल्कनीकरणाची प्रक्रिया शोधणारे अमेरिकन संशोधक होते. कच्च्या रबरात गंधक मिसळून ते ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ तापवले, तर ते उन्हाळ्यात चिकट होत नाही आणि थंडीत कडक पडत नाही, हे त्यांनी १८३९ मध्ये शोधून काढले. १५ जून १८४४ रोजी त्यांना या प्रक्रियेचे अमेरिकन पेटंट मिळाले. टायर, यंत्रांचे पट्टे, वॉशर, पाण्याच्या व वाफेच्या नळ्या अशा असंख्य वस्तू या शोधामुळे शक्य झाल्या. मोटारीच्या इंजिनातील उकळत्या पाण्याइतके गरम द्रव रोज सोसणाऱ्या हीटरच्या रबरी नळ्या हे त्यांपैकी फारसे लक्षात न येणारे, पण गुडइयर यांच्या मूळ प्रश्नाच्या सर्वांत जवळचे उदाहरण होय.

गुडइयर यांचे विज्ञानाचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते. आयुष्यातील बराच काळ त्यांनी कर्जात आणि अनेकदा कर्जबाजाऱ्यांच्या तुरुंगात काढला. त्यांच्या शोधावर इतरांनी संपत्ती मिळवली, मात्र त्यांच्या स्वतःच्या नावावर मृत्यूसमयी सुमारे दोन लाख डॉलरचे कर्ज होते.

सुरुवातीचे जीवन

चार्ल्स हे अमासा व सिंथिया गुडइयर यांच्या सहा अपत्यांपैकी थोरले. वडिलांचा लोखंडी सामानाचा व्यवसाय होता. बटणे, चमचे आणि शेतीची अवजारे ते तयार करीत, आणि अवजारांत सुधारणा करण्याची त्यांना हौस होती. हे कुटुंब पुढे नॉगटक येथे स्थायिक झाले. सतराव्या वर्षी चार्ल्स यांना धंदा शिकण्यासाठी फिलाडेल्फियाला पाठवण्यात आले. तेथून परतल्यावर ते वडिलांचे भागीदार झाले. २४ ऑगस्ट १८२४ रोजी त्यांचा क्लॅरिसा बीचर यांच्याशी विवाह झाला. १८२६ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियात लोखंडी सामानाचे दुकान उघडले. प्रारंभी ते चांगले चालले. परंतु उधारीवर दिलेला माल आणि बिघडलेली प्रकृती यांमुळे १८३० च्या सुमारास व्यवसाय बुडाला. दिवाळखोरी जाहीर करून मोकळे होण्याऐवजी त्यांनी सर्व देणी फेडण्याची जबाबदारी पत्करली. त्या काळच्या कायद्यानुसार देणेकरी ऋणकोला तुरुंगात टाकू शकत असे. गुडइयर यांच्या वाट्याला हा तुरुंगवास पुढील अनेक वर्षे वारंवार आला.

रबराशी ओळख

दक्षिण व मध्य अमेरिकेतील लोक झाडाच्या चिकापासून चेंडू, पादत्राणे व जलरोधक वस्तू शतकानुशतके तयार करीत होते. युरोप-अमेरिकेत या पदार्थाचा व्यापारी उपयोग एकोणिसाव्या शतकात वाढला. १८२३ मध्ये स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देऊन जलरोधक कापडाचे पेटंट घेतले. अमेरिकेत १८३० नंतर रबराच्या वस्तूंचे अनेक कारखाने निघाले आणि त्यांत मोठे भांडवल गुंतले. पहिला उत्साह एकदोन उन्हाळ्यांतच ओसरला, कारण कच्चे रबर थंडीत लाकडासारखे कडक होई आणि उष्णतेत चिकट, दुर्गंधीयुक्त लगदा बने. ग्राहकांनी परत केलेले बूट व कोट कारखानदारांना जमिनीत पुरावे लागले.

१८३४ मध्ये गुडइयर न्यू यॉर्कमधील रॉक्सबरी इंडिया रबर कंपनीच्या दुकानात गेले. तेथे त्यांनी हवा भरून वापरायचा एक जीवरक्षक पट्टा पाहिला. त्याची झडप त्यांना सदोष वाटली. काही दिवसांनी ते सुधारित झडप घेऊन पुन्हा दुकानात आले. व्यवस्थापकाला झडप आवडली, पण ती विकत घेण्याच्या स्थितीत कंपनी नव्हती. झडप सुधारण्यापेक्षा रबर सुधारा, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. उष्णता व थंडी दोन्ही सोसणारे रबर जो तयार करील त्याचा फायदा अमाप होईल, हे गुडइयर यांच्या मनात त्या भेटीत ठसले. त्यानंतरची सव्वीस वर्षे त्यांनी दुसरे जवळजवळ काहीही केले नाही.

तुरुंग, स्वयंपाकघर आणि फसलेले प्रयोग

फिलाडेल्फियाला परतताच कर्जासाठी त्यांना पुन्हा अटक झाली. रबरावरील पहिले प्रयोग त्यांनी तुरुंगातच केले. कच्चे रबर स्वस्त होते. पत्नीकडून मागवलेल्या लाटण्याने ते मळणे व लाटणे एवढेच साधन त्यांच्यापाशी होते. रसायनशास्त्राचे ज्ञान नसल्याने त्यांची पद्धत अगदी साधी होती. रबराचा चिकटपणा ओलाव्यासारखा आहे असे मानून तो शोषून घेईल अशी प्रत्येक कोरडी भुकटी ते त्यात मिसळून पाहत.

मॅग्नेशिया मिसळलेले रबर पांढरे व कोरडे दिसले, परंतु कालांतराने ते मऊ पडले. न्यू हेवन येथे पत्नी व मुलींच्या मदतीने त्यांनी शेकडो जोड बूट तयार केले. उन्हाळा येताच त्यांचा आकारहीन गोळा झाला. यानंतर त्यांनी मॅग्नेशिया मिसळलेले रबर कळीच्या चुन्याच्या पाण्यात उकळले. या पत्र्यांची न्यू यॉर्कमध्ये प्रशंसा झाली व १८३५ मध्ये त्यांना पदकही मिळाले. पण सौम्य आम्लाचा, अगदी फळाच्या रसाचा, एक थेंब पडला तरी चुन्याचा परिणाम नाहीसा होऊन रबर पूर्ववत चिकट होई. या टप्प्यातील प्रत्येक यश असेच होते. रबराचा पृष्ठभाग बदले, आतील द्रव्य मात्र तसेच राही. हा फरक त्या वेळी कोणालाच नीट कळलेला नव्हता.

नायट्रिक आम्लाचा उपयोग त्यांना अनपेक्षितपणे सापडला. रबरावरील कांस्यरंगाची नक्षी काढण्यासाठी त्यांनी हे आम्ल लावले. तुकडा काळवंडला म्हणून फेकून दिला आणि काही दिवसांनी पुन्हा उचलून पाहिला, तेव्हा आम्ल लागलेला भाग गुळगुळीत व कोरडा झालेला दिसला. या आम्लप्रक्रियेचे पेटंट त्यांना १७ जून १८३७ रोजी मिळाले. प्रयोगांदरम्यान बंद खोलीत आम्लाच्या वाफा श्वासावाटे गेल्यामुळे ते मरणाच्या दारी पोहोचले होते व त्यांना अनेक आठवडे अंथरुणाला खिळून राहावे लागले.

या पेटंटच्या जोरावर न्यू यॉर्कमधील एका भांडवलदाराने साहाय्य दिले आणि स्टेटन आयलंडवरील एक बंद पडलेला रबर कारखाना भाड्याने घेण्यात आला. त्याच वर्षी अमेरिकेत आर्थिक अरिष्ट आले व भांडवलदार बुडाला. गुडइयर कुटुंब त्या ओस कारखान्यातच राहू लागले. जेवणासाठी समुद्रातील मासे आणि घरातील वस्तू गहाण टाकून मिळणारे पैसे यांवर दिवस निघत. आपल्या मालाची जाहिरात म्हणून गुडइयर रबराची टोपी, कोट व बूट घालून फिरत आणि चेष्टेचा विषय होत. पुढील काळात त्यांनी मुलांची शाळेची पुस्तकेही विकली. या दांपत्याची अनेक अपत्ये लहानपणीच दगावली. हे दारिद्र्य अटळ नव्हते. लोखंडी सामानाच्या धंद्याकडे परतण्याचा सल्ला नातेवाईक व मित्र त्यांना सतत देत होते. गुडइयर यांनी तो मानला नाही, आणि त्याची किंमत त्यांच्याइतकीच क्लॅरिसा व मुलांनी मोजली. त्यांच्या चिकाटीचे गौरवपर वर्णन करणाऱ्या चरित्रांत या बाजूला पुरेसे स्थान मिळालेले दिसत नाही.

वुबर्न : गंधक आणि उष्णता

रॉक्सबरी कंपनीचे संस्थापक एडविन चाफी यांनी आपल्या कारखान्यातील यंत्रे गुडइयर यांना वापरू दिली. १८३८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वुबर्न येथे त्यांची नॅथॅनियल हेवर्ड यांच्याशी भेट झाली. हेवर्ड हे रबराच्या पृष्ठभागावर गंधक लावून ते उन्हात ठेवीत, त्यामुळे चिकटपणा कमी होई. गुडइयर यांनी या पद्धतीचे हक्क विकत घेतले. तिचे पेटंट फेब्रुवारी १८३९ मध्ये निघाले.

याच सुमारास त्यांना सरकारकडून टपालाच्या १५० रबरी पिशव्यांची मागणी मिळाली. पिशव्या तयार करून त्यांनी उबदार खोलीत टांगून ठेवल्या व ते काही दिवस बाहेरगावी गेले. परत येऊन पाहतात तो पिशव्यांचे बंद गळून पडले होते आणि आतील रबर लिबलिबीत झाले होते. आम्ल किंवा ऊन यांचा परिणाम केवळ वरच्या पातळ थरावर होतो, हे या अपयशाने सिद्ध केले. गुडइयर यांची उरलीसुरली पतही त्याबरोबर गेली.

१८३९ च्या थंडीत गंधक मिसळलेल्या रबराचा एक तुकडा तापलेल्या शेगडीला लागला. ही घटना कोठे घडली याविषयी वेगवेगळ्या कथा आहेत. काहींत वुबर्नमधील दुकान, तर काहींत गुडइयर यांचे स्वयंपाकघर येते. निरीक्षणाबाबत मात्र एकवाक्यता आहे. तुकडा वितळायला हवा होता, पण तो चामड्यासारखा करपला. करपलेल्या भागाच्या कडेला एक अरुंद पट्टा असा होता, की जो करपलाही नव्हता आणि चिकटही राहिला नव्हता. गुडइयर यांनी तो तुकडा रात्रभर घराबाहेर कडाक्याच्या थंडीत ठेवला. सकाळीही तो लवचीकच होता.

हा शोध निव्वळ अपघात म्हणून सांगितला जातो. गुडइयर यांना स्वतःला ते मान्य नव्हते. असा अपघात त्याच्या शोधात असलेल्या माणसालाच काही सांगू शकतो, असे त्यांचे मत होते. पाच वर्षे फसलेल्या प्रयोगांमुळे त्या अरुंद पट्ट्याचा अर्थ त्यांना कळला, हे खरे. मात्र उष्णता हाच रबराचा शत्रू असे सारेच मानत असताना तीच उष्णता योग्य प्रमाणात दिली की रबराला टिकाऊ करते, हे कोणी तर्काने काढले असते असे वाटत नाही.

खरे काम यानंतर सुरू झाले. किती गंधक, किती उष्णता आणि किती वेळ, हे ठरवायचे होते. कमी तापवले तर रबर कच्चे राही, जास्त तापवले तर करपे. शेजाऱ्यांच्या चुली, लोहारांच्या भट्ट्या, कारखान्यांचे बॉयलर अशा ज्या ज्या ठिकाणी उष्णता उधार मिळाली तेथे त्यांनी प्रयोग केले. अखेर दाबाखालील वाफेत चार ते सहा तास सुमारे १३२ अंश सेल्सियस तापमान दिल्यास रबर आतपर्यंत एकसारखे पक्व होते, असे त्यांना आढळले. लोकरीच्या कारखान्याचे मालक असलेले त्यांचे मेहुणे विल्यम डी फॉरेस्ट यांनी या काळात मोठ्या रकमा दिल्या. १८४४ च्या पेटंटमध्ये २५ भाग रबर, ५ भाग गंधक व ७ भाग सफेदा, म्हणजे शिशाचे पांढरे संयुग, असे मिश्रण नमूद आहे.

हॅनकॉक आणि इंग्लंडमधील पेटंट

पेटंट घेण्यास झालेला विलंब गुडइयर यांना महागात पडला. १८४२ मध्ये स्टीफन मोल्टन यांच्यामार्फत त्यांच्या रबराचे नमुने इंग्लंडला गेले. ते थॉमस हॅनकॉक यांच्या हाती पडले. हॅनकॉक हे मॅकिंटॉश यांचे सहकारी आणि रबर दळण्याच्या यंत्राचे जनक होते. नमुन्यांवर गंधकाच्या खुणा त्यांना दिसल्या. स्वतंत्र प्रयोग करून त्यांनीही प्रक्रिया साधली आणि नोव्हेंबर १८४३ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंटासाठी अर्ज केला. गुडइयर यांचा इंग्लंडमधील अर्ज काही आठवड्यांनी उशिरा पोहोचला. अग्नीचा रोमन देव व्हल्कन याच्या नावावरून या प्रक्रियेला व्हल्कनीकरण हे नाव हॅनकॉक यांचे मित्र विल्यम ब्रॉकेडन यांनी सुचवले.

१८५५ मध्ये इंग्लंडमध्ये हॅनकॉक यांच्या पेटंटला देण्यात आलेले आव्हान अयशस्वी ठरले. केवळ नमुना तपासून तो कसा तयार झाला हे ओळखता येत नाही, अशी साक्ष रसायनतज्ज्ञांनी दिली होती. हॅनकॉक यांनी नमुने पाहिल्याचे नाकारले नव्हते. प्रेरणा गुडइयर यांच्या तुकड्यातून आली, तरी इंग्लंडमधील प्रक्रिया हॅनकॉक यांनी स्वतःच्या कष्टाने बसवली, असे म्हणणे दोघांनाही न्याय देणारे आहे.

ट्रेंटनचा खटला

अमेरिकेत पेटंटचे उल्लंघन करणाऱ्यांत होरेस डे हे प्रमुख होते. त्यांच्याविरुद्धचा खटला १८५२ मध्ये न्यू जर्सीतील ट्रेंटन येथे चालला. गुडइयर यांच्या पक्षातर्फे डॅनियल वेब्स्टर उभे राहिले. ते त्या वेळी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते. त्यांना १५ हजार डॉलर मिळाले, आणि एवढी रक्कम गुडइयर यांना स्वतःला शोधातून एकरकमी क्वचितच मिळाली असेल. निकाल गुडइयर यांच्या बाजूने लागला. १८५८ मध्ये पेटंटची मुदत सात वर्षांनी वाढवण्यातही आली. तरीही परवाने त्यांनी इतक्या कमी दराने दिले होते, की कारखानदार श्रीमंत झाले व संशोधक कर्जातच राहिला. हाती येणारा पैसा ते लगेच नव्या प्रयोगांत घालत. हिशेब हा त्यांचा गुण कधीच नव्हता.

प्रदर्शने आणि अखेरची वर्षे

१८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात गुडइयर यांनी सुमारे ३० हजार डॉलर खर्चून रबराच्या वस्तूंचे दालन उभारले. तेथील फर्निचरपासून दागिन्यांपर्यंत सर्व काही रबराचे होते. १८५३ मध्ये क्लॅरिसा यांचे इंग्लंडमध्ये निधन झाले. पुढील वर्षी गुडइयर यांनी फॅनी वॉर्डेल यांच्याशी विवाह केला. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनातील दालन लंडनपेक्षाही खर्चिक होते. त्याच सुमारास त्यांचे फ्रेंच पेटंट रद्द झाले, स्वामित्वशुल्क थांबले आणि डिसेंबरमध्ये देणेकऱ्यांनी त्यांना क्लिशी येथील तुरुंगात टाकले. सम्राट तिसरा नेपोलियन याने दिलेला लेजन ऑफ ऑनरचा क्रॉस त्यांना तुरुंगातच मिळाला.

रबर व त्याच्या उपयोगांवर त्यांनी दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या काही प्रती रबराच्या पानांवर छापलेल्या आहेत. १८६० मध्ये आजारी मुलीला भेटण्यासाठी ते वॉशिंग्टनहून न्यू हेवनला निघाले. न्यू यॉर्क येथे पोहोचताच तिच्या मृत्यूची बातमी त्यांना कळली आणि ते कोसळले. १ जुलै रोजी फिफ्थ अव्हेन्यू हॉटेलमध्ये त्यांचे निधन झाले. न्यू हेवनमधील ग्रोव्ह स्ट्रीट दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

प्रक्रियेचे रसायनशास्त्र

रबर हे लांब साखळीसारख्या रेणूंचे बनलेले असते, ही कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मान स्टाउडिंगर यांनी १९२० च्या दशकात मांडली व प्रस्थापित केली. त्यामुळे गुडइयर यांनी काय साधले होते याचे स्पष्टीकरण त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी मिळाले. कच्च्या रबरात या साखळ्या एकमेकींवरून घसरू शकतात, म्हणून उष्णतेत ते वाहते. तापवताना गंधकाचे अणू शेजारच्या साखळ्यांमध्ये पूल बांधतात. पूल थोडे असतील तर रबर ताणले जाते व मूळ आकारात परतते. पूल फार झाले तर ते कठीण होते. गंधकाचे प्रमाण बरेच वाढवून मिळणारे एबोनाइट हे कठीण रबर चार्ल्स यांचे बंधू नेल्सन गुडइयर यांच्या नावावर आहे. १९०६ मध्ये अॅक्रन येथील जॉर्ज ओएनस्लेगर यांनी सेंद्रिय प्रवेगकांचा शोध लावला आणि तासन्‌तास चालणारी ही प्रक्रिया खूप जलद झाली.

मोटारीच्या हीटर नळ्या

गुडइयर यांच्या मृत्यूनंतर सव्वीस वर्षांनी, १८८६ मध्ये, कार्ल बेंझ यांनी मोटारीचे पेटंट घेतले. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाला रबरी नळीवाचून पर्याय नव्हता. इंजिन हादरत असते आणि रेडिएटर गाडीच्या सांगाड्याला जखडलेला असतो. या दोहोंमध्ये धातूची सरळ नळी बसवली तर ती तडकते. म्हणून वाकणारी, गरम पाणी सोसणारी नळी लागते, आणि कच्च्या रबराची नळी पहिल्याच प्रवासात वितळली असती.

हीटरच्या नळ्या सामान्यतः दोन असतात. एक नळी इंजिनातून गरम कूलंट डॅशबोर्डमागील छोट्या रेडिएटरकडे, म्हणजे हीटर कोअरकडे, नेते. दुसरी ते पाण्याच्या पंपाकडे परत आणते. पंख्याची हवा हीटर कोअरमधून जाताना गरम होते. कूलंटचे तापमान बहुधा ९० ते १०५ अंश सेल्सियस असते व त्यावर सुमारे एक बार दाब असतो. अनेक गाड्यांत हीटर बंद असतानाही कूलंट या नळ्यांतून फिरत राहते. हीटरचे बटण केवळ हवेचा मार्ग बदलते. त्यामुळे मुंबई किंवा कोकणात, जेथे हीटर वर्षभरात क्वचितच लावला जातो, तेथेही या नळ्या इंजिन चालू असलेला प्रत्येक तास उष्णतेत काढतात.

आजच्या नळ्या नैसर्गिक रबराच्या नसून बहुतांशी ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या असतात. त्याची मुख्य रेणुसाखळी उष्णता व ओझोन यांना अधिक दाद देत नाही. नळीला तीन थर असतात : आतील गुळगुळीत थर, दाब सोसण्यासाठी विणलेल्या धाग्यांचे अस्तर आणि बाहेरील आवरण. वळणदार नळी तयार करताना कच्ची नळी वाकवलेल्या पोलादी दांड्यावर चढवून दाबाखालील वाफेत पक्व केली जाते. गुडइयर यांनी शोधलेली पद्धत या टप्प्यावर जवळजवळ तशीच शिल्लक आहे.

नळीचे वार्धक्यही त्याच रसायनशास्त्राचे आहे. इंजिनाच्या उष्णतेत रेणूंमधील पूल वर्षानुवर्षे वाढत राहतात, नळी कडक होते व वाकताना तडकते. गुडइयर यांच्या शेगडीवर काही मिनिटांत घडलेले करपणे येथे काही वर्षांत घडते. उलट इंजिन ऑइल किंवा ग्रीस सतत लागल्यास ईपीडीएम फुगते व मऊ पडते. तिसरा बिघाड बाहेरून दिसत नाही. कूलंट, धातूचे जोड आणि नळीतील कार्बन यांच्यामध्ये सूक्ष्म विद्युत्‌रासायनिक क्रिया होऊन नळीला आतून उभ्या चिरा पडतात. त्या टोकांजवळ, क्लिपच्या लगत, जास्त असतात. यामुळे बाहेरून चकचकीत दिसणारी नळी अचानक फुटू शकते.

म्हणूनच नुसते पाहण्यापेक्षा दाबून पाहणे अधिक विश्वसनीय मानले जाते. इंजिन पूर्ण थंड असताना नळी मधोमध व क्लिपपासून दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर अंगठा व बोटाने दाबली जाते. चांगली नळी दबते व लगेच पूर्ववत होते. टोकाजवळ मधल्यापेक्षा अधिक मऊपणा लागणे, आत चर जाणवणे, दाबताना करकर आवाज येणे, फुगवटा किंवा पृष्ठभागावरील भेगा ही नळी बदलण्याची लक्षणे होत. क्लिपभोवती साचलेला पांढरट किंवा हिरवट थर ही हळू गळतीची खूण असते. गाडीत गोडसर वास येणे, पायाखालील गालिचा ओला होणे किंवा समोरच्या काचेवर तेलकट धुके धरणे ही बहुधा हीटर कोअर किंवा त्याच्या जोडातील गळतीची लक्षणे असतात. गळतीमुळे कूलंट संपले तर इंजिन तापून हेड गॅस्केट जाऊ शकते. त्या खर्चापुढे नळीची किंमत नगण्य आहे.

नळी बदलताना गरम इंजिनावरील दाबाचे झाकण उघडल्यास उकळते कूलंट उसळून भाजते. जुनी नळी जोडाला चिकटलेली असते. ती ओढून काढली तर हीटर कोअरची पातळ नळी वाकते किंवा तुटते, म्हणून चिकटलेली नळी लांबीच्या दिशेने चिरून सोलून काढतात. चिरताना खालच्या धातूला ओरखडा पडल्यास नवी नळीही तेथूनच गळते. नवी नळी त्याच व्यासाची व त्याच वळणाची असावी लागते. सरळ नळी जबरदस्तीने वाकवून बसवल्यास तिला मोड पडून प्रवाह अडतो. क्लिप जोडाच्या उंचवट्याच्या आतल्या बाजूस येते व ती बेताने आवळली जाते, कारण फार आवळल्यास क्लिपच नळी कापते. शेवटी उत्पादकाने सांगितलेल्या प्रकारचे कूलंट भरून व्यवस्थेतील हवा काढली जाते. हवा राहिली तर हीटरमधून थंड वारा येतो आणि तापमानदर्शक काटा चुकीचे वाचन देऊ शकतो. एक नळी वयोमानाने गेली असल्यास तिची जोडीदारही त्याच वयाची असते, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी बदलणे व्यवहार्य ठरते. काही वर्कशॉपमध्ये गळका हीटर वगळून दोन टोके परस्पर जोडली जातात. प्रवास पुरा करण्यापुरता हा उपाय योग्य आहे, परंतु त्याने थंडीतील हीटर व काचेवरील धुके घालवण्याची सोय जाते.

नाव आणि सन्मान

ओहायोतील अॅक्रन येथे बेंजामिन गुडरिच यांनी १८७० मध्ये रबराचा कारखाना काढला. अग्निशमनाच्या नळ्या हे त्याचे पहिले उत्पादन होते. त्याच शहरात १८९८ मध्ये फ्रँक सायबरलिंग यांनी स्थापन केलेल्या टायर कंपनीला गुडइयर यांचे नाव देण्यात आले. चार्ल्स गुडइयर अथवा त्यांच्या वंशजांचा या कंपनीशी कधीही संबंध नव्हता. बूट शिवण्याच्या यंत्राशी जोडलेले गुडइयर हे नाव त्यांचे पुत्र चार्ल्स गुडइयर (धाकटे) यांचे आहे. अमेरिकन केमिकल सोसायटीचा रबर विभाग १९४१ पासून चार्ल्स गुडइयर पदक देतो. १९७६ मध्ये त्यांचा समावेश अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मान दालनात करण्यात आला.